सिस्टम अ‍ॅडमिनच्या कामावर परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी मुलांसाठी थांबलं, कुणी घरातल्या आजारपणासाठी, कुणी दुसऱ्या व्यवसायात गेलं, तर कुणाला रात्री-अपरात्री वाजणाऱ्या फोनचाच वीट आला. आता पुन्हा सर्व्हरकडे, म्हणजे संस्थांचे संगणक आणि नेटवर्क चालते ठेवण्याच्या कामाकडे, वळायचं म्हणणाऱ्यांकडून जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीतूनही हे क्षेत्र पाहिलेलं असल्यामुळे काही उत्तरांत मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर खुशाल सोडून द्या.

जाहिरातींत ‘सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हे पदच फारसं दिसत नाही. काम संपलं की काय?

काम आहे, दारावरची पाटी बदलली आहे. गूगलने २००३ च्या सुमारास साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग (सर्व्हर चालते ठेवण्याचं काम प्रोग्रॅमरच्या पद्धतीने करणं) सुरू केलं, २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या परिषदेतून ‘डेव्हऑप्स’ (प्रोग्रॅम लिहिणारे आणि सर्व्हर चालवणारे यांनी एकत्र काम करणं) हा शब्द पसरला, आणि मग क्लाउड इंजिनिअर, प्लॅटफॉर्म इंजिनिअर अशी नावं येत गेली. त्यामुळे पदनाम वाचून पुढे जाऊ नका, जाहिरातीचा खालचा भाग वाचा. लिनक्स, नेटवर्क, मॉनिटरिंग, बॅकअप, ऑन-कॉल (बिघाड झाल्यास फोनवर हजर राहायची पाळी) असं लिहिलं असेल तर ते तुमचंच काम आहे. पाऊण जाहिरात बिल्ड पाइपलाइन (कोड आपोआप तपासून पुढे पाठवणारी साखळी) आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषांनी भरली असेल तर त्यांना डेव्हलपरकडे झुकणारा माणूस हवाय. तिथे अर्ज करायला हरकत नाही, पण पहिला नंबर तो नको.

आणखी एक. रुग्णालयं, विद्यापीठं, कारखाने, सरकारी कार्यालयं यांच्याकडे अजूनही स्वतःची सर्व्हर रूम असते आणि पदाचं जुनं नावही असतं. परतणाऱ्याला पहिलं पाऊल टाकायला ही जागा स्टार्टअपपेक्षा बरी. तिथे जुनी यंत्रणा चालू ठेवून नवीकडे नेणारं कुणीतरी लागतंच, आणि दोन्ही काळ पाहिलेली माणसं कमी असतात.

मधल्या काळात नेमकं काय बदललं?

तुम्ही कोणत्या साली सोडलं, यावर उत्तर अवलंबून आहे. २०१४ च्या आधी सोडलं असेल तर पहिला धक्का सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्स सुरू होताना सर्व्हिस चालू करणाऱ्या नव्या प्रोग्रॅमचा. लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशनपैकी (तयार संचांपैकी) फेडोराने ते २०११ मध्ये घेतलं, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने सातव्या आवृत्तीत २०१४ ला, डेबियन आणि उबुंटूने २०१५ ला. सर्व्हिस सुरू करणाऱ्या इनिट स्क्रिप्ट गेल्या, त्यांच्या जागी सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या युनिट फाइल्स आल्या. सर्व्हिस चालू-बंद करायला दोन दिवसांत हात बसतो. गोंधळ उडतो तो लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) शोधताना. डेबियन १२ नव्याने बसवा आणि सवयीने सिस्लॉगची फाइल उघडायला जा: फाइलच नाही! ती लिहिणारा आरसिस्लॉग आता आपोआप बसत नाही, सगळं सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातं आणि ते जर्नलसीटीएलने वाचायचं. सर्व्हिसचं नाव आणि वेळ देऊन गाळून वाचायची सवय लागली, की जुनी ग्रेपची (मजकुरातून शब्द शोधणाऱ्या कमांडची) साखळी आठवतही नाही.

नेटवर्क कार्डाचं ‘ईटीएच०’ हे नाव जाऊन ‘ईएनपी३एस०’ सारखी नावं आली. नेटवर्कची माहिती दाखवणारे इफकॉन्फिग आणि नेटस्टॅट बऱ्याच ठिकाणी बसवलेलेच नसतात, त्यांची कामं आयपी आणि एसएस या कमांड करतात. रिझॉल्व्ह-कॉन्फ (नावावरून पत्ता कुठल्या सर्व्हरला विचारायचा ते सांगणारी फाइल) हाताने बदललीत तर थोड्या वेळाने दुसराच कुणी प्रोग्रॅम ती पुन्हा लिहून ठेवतो. फायरवॉलमध्ये आयपीटेबल्सची जागा एनएफटेबल्सने घेतली, आणि इथे एक सापळा आहे: आयपीटेबल्स ही कमांड अजून चालते, पण कित्येक डिस्ट्रिब्युशनमध्ये ती आतून एनएफटेबल्सलाच नियम देते. थेट एनएफटी या नव्या कमांडने घातलेले नियम तुमच्या ओळखीच्या यादीत दिसतीलच असं नाही. म्हणजे ‘नियम तर काहीच नाही, मग पोर्ट बंद का?’ या प्रश्नावर अर्धा दिवस जाऊ शकतो.

पॅकेज बसवायला यमऐवजी डीएनएफ, घड्याळ जुळवायला एनटीपीडीऐवजी क्रोनी, पायथन २ ला १ जानेवारी २०२० पासून कायमची रजा. हे एका बैठकीत उरकतं.

सेंटओएसवर (रेड हॅटच्या फुकट प्रतिरूपावर) वाढलेल्यांना मात्र बातमी सांगावी लागते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ वर्षभरात, म्हणजे २०२१ अखेर थांबणार. सेंटओएस ७ चं आयुष्य ३० जून २०२४ ला संपलं. त्या जागी रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभे राहिले. बरीच कार्यालयं अजूनही सात नंबरवरून स्थलांतर करण्याच्या कामात अडकलेली आहेत, आणि या कामात तुमच्या जुन्या ज्ञानाला भाव आहे. एका यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणाऱ्या व्हीएमवेअरचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमस्वरूपी परवाने विकणं बंद केलं, आणि अनेकांनी प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही अशा पर्यायांचा शोध सुरू केला.

वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या टीएलएस प्रमाणपत्रांच्या नूतनीकरणाची कॅलेंडरमध्ये नोंद ठेवायचे दिवस गेले. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ अखेरीस ९० दिवसांची फुकट प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, आणि आता ब्राउझर व प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या मंचाने ठरवलंय की १५ मार्च २०२९ पासून कोणतंही सार्वजनिक प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही. हाताने करणाऱ्याचा यात टिकाव लागणं कठीण.

पण हे सगळे किरकोळ बदल. खरा बदल एकच: सर्व्हरवर लॉगिन करून हाताने काही बदलणं आता कामाची नेहमीची पद्धत राहिली नाही. तो अपवाद झाला. सर्व्हर कसा असावा हे फाइलमध्ये लिहायचं, ती फाइल गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवायची, दुसऱ्याने ती वाचून मंजूर करायची, आणि मग अन्सिबल (२०१२ पासून) किंवा टेराफॉर्म (२०१४ पासून) ते घडवून आणणार. प्रोग्रॅमला लागणारं सगळं एका बंद डब्यात (कंटेनरमध्ये) भरून चालवणारं डॉकर २०१३ मध्ये आलं आणि त्याने ‘या सर्व्हरवर काय काय बसवलंय’ हा प्रश्नच कंटेनरच्या पोटात ढकलला. जुन्या माणसाला कमांड शिकणं जड जात नाही. ‘पटकन जाऊन बदलून येतो’ ही सवय सोडणं जड जातं.

विंडोज सर्व्हरच्या बाजूला काय परिस्थिती आहे?

तिथे धक्के कमी आहेत. सगळ्यांची खाती आणि नियम एका जागी सांभाळणारी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे, ग्रुप पॉलिसी आहे. सर्व्हर २०१२ आर-२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. मेल बहुतेकांनी मायक्रोसॉफ्ट ३६५ वर नेला, आणि अ‍ॅझ्युर एडी असं ऐकलेलं असेल तर २०२३ पासून त्याचं नाव एन्ट्रा आयडी. पॉवरशेल (कमांड लिहून विंडोज सांभाळायचं साधन) मात्र आता टाळता येणार नाही. २०१६ पासून ते ओपन सोर्स आहे, लिनक्सवरही चालतं. माउसने सगळं करत आला असाल तर आधी ते हातात घ्या.

मला जे येत होतं, त्यातलं काही अजून उपयोगाचं आहे का?

या प्रश्नामागची धास्ती समजते, पण भीती उलट्या गोष्टीची हवी: मूळ ज्ञान असूनही ते सांगता न येण्याची.

उदाहरणं पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गायब झाले. देखभालीच्या एका कमांडने कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारं नेटवर्क तुटलं, त्यामुळे त्यांच्या डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) सर्व्हरनी इंटरनेटला आपला रस्ता सांगणं थांबवलं, आणि दुरुस्त करणाऱ्यांची आत शिरण्याची साधनंही त्याच नेटवर्कवर बसलेली होती. डीएनएस, राउटिंग आणि ‘बाहेरून आत यायचा दुसरा मार्ग ठेवा’: तुम्ही सोडलंत तेव्हाही अभ्यासक्रम हाच होता.

३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये मध्यरात्रीच्या दमलेल्या हातांनी दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. अशा गोष्टी होतात. बोध पुढे आहे. रोजचे बॅकअप पाहायला गेले तर ते होतच नव्हते, कारण डंप (डेटाबेसची प्रत) घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि दर वेळी अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेल? ते जात होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी योगायोगाने काही तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून काम भागलं आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. ज्या माणसाने कधीतरी बॅकअपची टेप परत लावून पाहिली आहे, त्याला ही कहाणी समजावून सांगावी लागत नाही.

आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला दिसलं की एसएसएचचं (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाचं) लॉगिन नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि सीपीयू उगाच खातंय. त्याने पिच्छा सोडला नाही, आणि कॉम्प्रेशनच्या एका लायब्ररीत लपवलेलं मागचं दार सापडलं. तो सुरक्षातज्ज्ञ म्हणून ते शोधायला बसला नव्हता. ‘हे असं का?’ ही खाज तुमच्यात असेल तर ती रजेच्या वर्षांत जात नाही.

सुरुवात कुठून करू?

व्हिडिओ कोर्सपासून नको. कोर्स पाहताना सगळं समजतं आणि टर्मिनल उघडल्यावर काहीच सुचत नाही.

जुना लॅपटॉप घ्या, त्यावर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन उभी करा. एकीवर डेबियन, दुसरीवर अल्मा किंवा रॉकी. पहिल्यावर वेब सर्व्हर आणि छोटा डेटाबेस बसवा, पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त की (एसएसएचची डिजिटल किल्ली) चालू ठेवा, फायरवॉल लावा, रोज रात्री बॅकअप दुसऱ्या मशीनवर जाईल असा सिस्टमडी टायमर लिहा. ठरल्या वेळी काम चालवणारा जुना क्रॉन चालतोच, पण टायमर एकदा लिहून पाहा. आता पहिलं मशीन पुसून टाका आणि बॅकअपवरून ते कोऱ्या मशीनवर उभं करा. इथे हमखास काहीतरी राहून गेलेलं सापडतं: फाइलची मालकी चुकलेली असते, एखादं कॉन्फिगरेशन बॅकअपमध्ये घेतलेलंच नसतं, नाहीतर कोरं मशीन अल्मा किंवा रॉकीचं असेल तर एसइ-लिनक्स (कोणत्या प्रोग्रॅमने काय वाचावं ते ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) नव्या जागेतल्या फाइल वाचू देत नाही. ते राहून गेलेलं लिहून ठेवा. मुलाखतीत हेच बोलायचं आहे.

मग तेच सगळं अन्सिबलने करा. प्लेबुक (अन्सिबलची कामांची यादी) दोनदा चालवलं तर दुसऱ्यांदा काहीच बदलायला नको, ही कसोटी लावा. कॉपी आणि टेम्प्लेटची मॉड्यूल सोडून जिथे तिथे शेलच्या ओळी कोंबल्या असतील तर दुसऱ्या फेरीत ते लगेच उघडं पडतं, कारण तिथे दर वेळी ‘बदललं’ असंच येतं. सगळं गिटमध्ये ठेवा. मोठ्या एका कमिटपेक्षा (गिटमधल्या बदलाच्या नोंदीपेक्षा) लहान लहान कमिट आणि नीट संदेश, कारण पाहणारा तेही पाहतो.

क्लाउड त्यानंतर, आणि कोणताही एकच. फुकट वापराच्या मर्यादेत खातं उघडलंत तर सर्वांत आधी बिलाची सूचना लावा. मशीन बंद केलं तरी डिस्कचे पैसे चालू राहतात, हे पुष्कळांना बिल आल्यावर कळतं.

रोज तासभर नियमाने बसलात तर काही महिन्यांत हात वळायला लागतात. शनिवारी आठ तास आणि मग दोन आठवडे काही नाही, असं केलंत तर होणार नाही.

कुबरनेटीस शिकलंच पाहिजे का?

परतण्यासाठी नाही. अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या या साधनातलं पॉड, सर्व्हिस, डिप्लॉयमेंट म्हणजे काय एवढं सांगता यावं. त्याआधी एक कंटेनर हाताने बांधा, त्याचं नेटवर्क आणि डिस्क कुठे जाते ते पाहा. त्याशिवाय कुबरनेटीसमध्ये उडी मारणाऱ्याला यामल (त्याच्या सेटिंग-फाइलींची मांडणी) पाठ होतं, पण काही बिघडलं की तो हात वर करतो.

प्रोग्रॅमिंग यायलाच हवं का?

शेल स्क्रिप्ट नीट लिहिता येणं आणि पायथन वाचता येणं, थोडंफार लिहिता येणं. जेसन (माहिती मांडायची एक मजकूर-पद्धत) फाइलमधून हवं ते काढता आलं पाहिजे, कारण आता प्रत्येक साधन जेसनच ओकतं.

सर्टिफिकेट घ्यावं का? माझं जुनं चालेल का?

जुनं लिहा, साल लिहून. लपवू नका आणि मिरवूही नका. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई हे आपलं प्रमाणपत्र २०२१ मध्ये बंद केलं, रेड हॅटचं प्रमाणपत्र तीन वर्षांनी जुनं होतं.

नवं घ्यायचं तर खंड पडलेल्या माणसाला त्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त होतो, हे खरं आहे. मात्र एकच घ्या, आणि जमल्यास प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा निवडा. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, मशीन समोर देतात आणि रीबूटनंतर तुमचं काम टिकलं का ते तपासतात. पाठांतरावर ती सुटत नाही, म्हणून मुलाखत घेणाराही तिला मान देतो. चार-पाच पायाभूत क्लाउड सर्टिफिकेटांची रांग बायोडेटात पाहिली की मला उलट शंका येते.

सुरक्षेच्या बाबतीत कोणत्या जुन्या सवयी सोडाव्या लागतील?

काही सवयींमुळे मुलाखतीत वय दिसतं, ज्ञान नाही. ‘काही चालत नसेल तर आधी एसइ-लिनक्स बंद करतो’ हे वाक्य त्यातलं पहिलं. दुसरं, दर ९० दिवसांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावणं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितलं की ठरावीक मुदतीने बदल लादू नका, पासवर्ड फुटल्याची खूण दिसली तर बदलायला लावा. लोक शेवटचा आकडा एकने वाढवतात, हे आपल्याला तेव्हाही ठाऊक होतंच. त्याऐवजी दुहेरी पडताळणी सगळीकडे.

टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये औपचारिकपणे बाद झाले. ओपनएसएसएच ८.८ पासून (२०२१) एसएचए-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेली आरएसए स्वाक्षरी मुळातच बंद ठेवलेली आहे, आणि १०.० पासून (२०२५) डीएसए ही जुनी कीही काढूनच टाकली. त्यामुळे एखाद्या जुनाट स्विचला जोडताना नवं एसएसएच नकार देतं. हा बिघाड नाही.

बॅकअपची व्याख्याही कडक झाली. पूर्वी डिस्क मेली तर काय, हा प्रश्न होता. आता खंडणीखोर आत शिरून आधी बॅकअप पुसतो. म्हणून एक प्रत अशी हवी की अ‍ॅडमिनच्या खात्यानेही ती ठरलेल्या मुदतीपर्यंत पुसता येऊ नये. पॅचिंगचं (दुरुस्त्या बसवण्याचं) म्हणाल तर वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने मे २०१७ मध्ये ज्या छिद्रातून धुमाकूळ घातला, त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता.

बायोडेटामधला खंड कसा लिहू?

एका ओळीत. ‘२०१६ ते २०२४: कौटुंबिक जबाबदारीमुळे पूर्णवेळ कामातून बाहेर.’ बस्स. खाली चालू वर्षाची नोंद: कोणती लॅब, काय उभारलं, गिटचा दुवा. तारखा गाळून फक्त कौशल्यांची यादी देणारा बायोडेटा आला की वाचणारा आधी तारखाच शोधतो. त्या काळात एखाद्या संस्थेची वेबसाइट सांभाळली असेल, कुणाच्या दुकानाचं नेटवर्क लावून दिलं असेल तर ते लिहा, पण त्याला ‘फ्रीलान्स इन्फ्रास्ट्रक्चर सल्लागार’ असं भारदस्त नाव देऊ नका. दुसऱ्याच प्रश्नात ते उघडं पडतं.

मुलाखतीत काय विचारतात?

व्याख्या विचारणारे अजून आहेत, पण चांगल्या ठिकाणी प्रसंग देतात. माझ्या आवडीचा एक: ‘डिस्क शंभर टक्के भरली असं डीएफ ही कमांड म्हणते. डीयूने सगळ्या फाइलींची बेरीज केली तर निम्मीही भरत नाही. काय झालं असेल?’ पुसलेली पण कुठल्यातरी प्रोसेसने अजून उघडी धरलेली लॉग फाइल, हे नेहमीचं उत्तर. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफने ती दाखवायची आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची. मग मी विचारतो, ‘ती सर्व्हिस आत्ता रीस्टार्ट करता येणार नसेल तर?’ इथे माणूस कळतो. कुणी सांगतं की प्रोक डिरेक्टरीतल्या फाइल डिस्क्रिप्टरवरून (उघड्या फाइलच्या क्रमांकावरून) ती फाइल रिकामी करता येते. कुणी आधी विचारतं, ‘सर्व्हिस कुणाची आहे, त्यांना कळवलंय का?’ दोघांनाही मी घेईन, दुसऱ्याला थोडं आधी.

पोटप्रश्न म्हणून जागा शिल्लक असूनही नवी फाइल बनत नसेल तर काय, हेही येतं. आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपलेत का ते पाहा. हे दोन्ही प्रश्न तुम्ही सोडलंत त्या दिवशीही असेच सुटत होते.

एखादं साधन वापरलं नसेल तर सरळ नाही म्हणा आणि त्याच्या जागी तुम्ही काय वापरत होता ते सांगा. ‘मॉनिटरिंगसाठी प्रोमिथियस चालवलेलं नाही, जुनं नागिओस कित्येक वर्षं चालवलं, आणि खोट्या अलार्मची संख्या कमी केली ती अशी’ या उत्तराला गुण मिळतात.

कमी पदावर, कमी पगारात यावं का?

एक पायरी खाली, हो. दोन नाही. अगदी हेल्पडेस्कपासून सुरुवात करायला सांगितलं तर विचारा की सर्व्हरच्या कामात कधी घेणार आणि ते पत्रावर लिहून देणार का. एकदा फोन उचलणारा म्हणून ओळख झाली की त्याच कंपनीत ती पुसायला वेळ लागतो. सहा महिने किंवा वर्षाच्या कंत्राटी स्थलांतर प्रकल्पांकडे नाक मुरडू नका. पगार मध्यम असतो, पण बायोडेटात ताजं साल येतं.

वरिष्ठ माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल, तर?

असू दे. ‘आमच्या वेळी’ ने सुरू होणारी वाक्यं कमी ठेवली की झालं.

आता एआयच सगळं करतं म्हणे. मग परत येऊन उपयोग काय?

युनिट फाइलचा मसुदा, न समजलेल्या लॉगचा अर्थ, पर्ल भाषेतल्या जुन्या स्क्रिप्टचं पायथन: यात ते खरोखर वेळ वाचवतं, आणि मागे पडलेल्याला शिकवणीसारखं वापरता येतं. पण अस्तित्वात नसलेला ऑप्शनही ते त्याच आत्मविश्वासाने देतं, म्हणून मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) उघडून पाहिल्याशिवाय रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून काही चालवायचं नाही. पासवर्ड, की, ग्राहकांची नावं असलेले लॉग त्यात चिकटवायचे नाहीत. कामावर रुजू होताना यासंबंधीचा कंपनीचा नियम विचारून घ्या.

रात्रीच्या फोनमुळेच सोडलं होतं. पुन्हा तेच होणार का?

ठिकाणावर अवलंबून आहे, आणि हे ऑफर स्वीकारण्याआधी शोधता येतं. विचारा: ऑन-कॉलच्या पाळीत किती जण आहेत, गेल्या महिन्यात झोपेतून उठवणारे किती अलर्ट आले, रात्री जागलेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, आणि एकच अलर्ट पुन्हा पुन्हा वाजत असेल तर तो दुरुस्त करायला कामाच्या वेळात तास राखून ठेवतात का. पाळीत तिघांपेक्षा कमी माणसं असतील तर दर दुसरा आठवडा तुमचाच. अलर्टची संख्या कुणालाच सांगता आली नाही, तर तिथे कुणी ती मोजत नाही असं धरा आणि पगाराची बोलणी त्या हिशेबाने करा.